विश्लेषण : १११ पराभव, मग विजेतेपद, मग बंदी... बेसबॉलच्या जनरल मॅनेजरची कामगिरी मोजायची कशी?

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज हा संघ २०१३ मध्ये १६२ पैकी १११ सामने हरला. चारच वर्षांनी, २०१७ मध्ये, तोच संघ अमेरिकन बेसबॉलचा विजेता ठरला. या दोन टोकांमधला प्रवास ज्यांच्या नावावर जमा आहे ते जनरल मॅनेजर जेफ लूनो यांना जानेवारी २०२० मध्ये वर्षभराची बंदी आणि बडतर्फी एकाच दिवशी सोसावी लागली. लूनो यांच्या काळाकडे काही जण संघबांधणीचा आदर्श म्हणून पाहतात, तर काही जण खेळाला लागलेला डाग म्हणून. या वादात एक मूळ प्रश्न मागे पडतो. मैदानात न उतरणाऱ्या, बॅट किंवा चेंडू हातात न घेणाऱ्या माणसाची कामगिरी नेमकी मोजायची कशी?

जनरल मॅनेजर करतो काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या बाकावर बसून सामन्यातले डावपेच ठरवणाऱ्याला मॅनेजर म्हणतात. तो आपल्याकडच्या प्रशिक्षकासारखा. जनरल मॅनेजर हा त्याच्या वरचा अधिकारी. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला विकायचे, कोणाशी किती वर्षांचा करार करायचा, ड्राफ्टमध्ये कोणाची निवड करायची आणि स्काउटिंगवर किती खर्च करायचा हे निर्णय त्याचे. ‘मनीबॉल’ या चित्रपटात ब्रॅड पिटने रंगवलेले बिली बीन हे ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे जनरल मॅनेजरच होते.

लूनो यांचा मार्ग मात्र बीन यांच्यापेक्षा वेगळा. बीन स्वतः मेजर लीग खेळले होते. लूनो यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राच्या पदव्या घेतल्या, नंतर एमबीए केले आणि मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केले. २००३ मध्ये ते सेंट लुईस कार्डिनल्स संघात आले आणि डिसेंबर २०११ मध्ये ह्यूस्टनचे जनरल मॅनेजर झाले.

ड्राफ्टला इतके महत्त्व का?

आयपीएलच्या लिलावात ज्याच्याकडे पैसा शिल्लक आहे तो संघ कोणत्याही खेळाडूवर बोली लावू शकतो. बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक शालेय किंवा महाविद्यालयीन खेळाडू निवडतात आणि त्या खेळाडूला त्याच संघाशी बोलणी करावी लागतात. अलीकडेपर्यंत हा क्रम सरळ होता. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळे. व्हेनेझुएला, डॉमिनिकन प्रजासत्ताक यांसारख्या देशांतली मुले ड्राफ्टमध्ये येत नाहीत. त्यांच्याशी संघ थेट करार करतात.

खरे गणित पुढे आहे. निवडलेला खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचला की साधारण सहा हंगाम तो संघाच्या ताब्यात राहतो. त्यातली पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. तोच खेळाडू खुल्या बाजारात आला की संघाला कोट्यवधी डॉलर मोजावे लागतात. त्यामुळे ड्राफ्टमध्ये लागलेला एक चांगला नेम संघाला वर्षानुवर्षे स्वस्तात विजय देतो, आणि वाचलेल्या पैशांतून दुसरा तारा आणता येतो.

मग निवडलेल्या खेळाडूंची नावे पाहून गुण देता येतील का?

येथेच पहिली अडचण येते. ड्राफ्टमध्ये निवडलेले बहुतेक खेळाडू मेजर लीगपर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात त्यांना तीन ते सहा वर्षे लागतात. म्हणजे आज केलेल्या निवडीचा निकाल लागेपर्यंत निवड करणारा अनेकदा खुर्चीवर नसतो.

दुसरी अडचण नशिबाची. २००९ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस एंजल्सकडे २४वी आणि २५वी अशा सलग दोन निवडी होत्या. त्यांनी २४व्या क्रमांकावर रँडल ग्रिचकला घेतले आणि २५व्या क्रमांकावर माइक ट्राउटला. ट्राउट पुढे त्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण ज्यांनी त्याला शोधले त्यांनीसुद्धा त्याच्या आधी दुसऱ्याचे नाव घेतले होते. अल्बर्ट पुहोल्स तर १९९९ मध्ये १३व्या फेरीत, ४०२व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची गुणवत्ता कार्डिनल्सना खरोखर कळली असती, तर त्यांनीही एवढी वाट पाहिली नसती.

म्हणून एका निवडीवरून निकाल देणे चुकीचे ठरते. अनेक वर्षांच्या निवडींत सातत्य दिसते का, हे पाहावे लागते. या कसोटीवर लूनो यांची कार्डिनल्समधली कामगिरी भक्कम आहे. तेथे २००५ पासून ड्राफ्टची सूत्रे त्यांच्याकडे होती. एकट्या २००९ च्या ड्राफ्टमधून शेल्बी मिलर आणि जो केली यांच्याबरोबरच १३व्या फेरीतला मॅट कारपेंटर, २१व्या फेरीतला ट्रेव्हर रोझेन्थाल आणि २३व्या फेरीतला मॅट अ‍ॅडम्स हे खेळाडू निघाले. हे पाचही जण २०१३ मध्ये जागतिक मालिकेपर्यंत पोहोचलेल्या कार्डिनल्स संघात होते. त्या वेळी लूनो ह्यूस्टनमध्ये १११ पराभव मोजत होते!

ह्यूस्टनमध्ये त्यांना वारशात काय मिळाले?

वरवर पाहता पडका वाडा. २०११ मध्ये, म्हणजे लूनो येण्यापूर्वी, संघ १०६ सामने हरला होता. पण या वाड्यात काही भक्कम खांब उभे होते.

• होजे अल्टुवे : २००७ मध्ये व्हेनेझुएलात फक्त १५ हजार डॉलरवर करारबद्ध. पाच फूट सहा इंच उंचीच्या या मुलाला निवड चाचणीत आधी परत पाठवण्यात आले होते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

• डॅलस कायकल : २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातवी फेरी.

• जॉर्ज स्प्रिंगर : २०११ च्या ड्राफ्टमध्ये ११वा क्रमांक.

अल्टुवे २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, स्प्रिंगर त्याच वर्षीच्या जागतिक मालिकेचा मानकरी आणि कायकल २०१५ चा सर्वोत्तम गोलंदाज. या तिघांपैकी एकालाही लूनो यांनी आणलेले नव्हते. इतकेच काय, २०१२ च्या ड्राफ्टमधली पहिली निवडही त्यांना आधीच्या वर्षीच्या १०६ पराभवांमुळे मिळाली होती.

पहिल्या क्रमांकाच्या तीन निवडींचे काय झाले?

लूनो यांना २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे देशातला कोणताही खेळाडू सर्वांत आधी निवडण्याची संधी मिळाली. तिन्ही निवडींचा निकाल वेगवेगळा लागला.

२०१२ – कार्लोस कोरेया. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये नवा नियम आला. प्रत्येक निवडीला एक ठरलेली किंमत आणि संघाला सर्व निवडींसाठी मिळून एक मर्यादा. पहिल्या निवडीची किंमत ७२ लाख डॉलर होती. अनेकांच्या यादीत बायरन बक्स्टन अव्वल होता. लूनो यांनी पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा कोरेया निवडला आणि त्याला ४८ लाखांत राजी केले. वाचलेल्या २४ लाखांतून त्यांनी ४१व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्सला २५ लाख डॉलर दिले. ती त्या जागेच्या ठरलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट रक्कम होती. एका निवडीच्या पैशांत दोन मोठे खेळाडू आले. कोरेया २०१५ चा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०१७ च्या निर्णायक सातव्या सामन्यात गोलंदाजीची सुरुवात मॅकलर्सने केली.

२०१३ – मार्क अपेल. स्टॅनफर्डचा हा गोलंदाज ६३.५ लाख डॉलरवर आला. पुढच्याच क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला घेतले. ब्रायंट त्या वर्षी महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये सर्वाधिक, ३१ होमरन मारून आला होता. २०१६ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी कब्जने १०८ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला. अपेल ह्यूस्टनसाठी मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला आणि जून २०२२ मध्ये, निवडीनंतर नऊ वर्षांनी, मेजर लीगमध्ये उतरला.

२०१४ – ब्रेडी एकन. निवड झाली, रक्कम ठरली. पण वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका आल्यावर संघाने देकार कमी केला. बोलणी फिसकटली आणि करार झालाच नाही. एकनसाठी राखलेले पैसे मर्यादेतून वजा झाल्याने जेकब निक्स या दुसऱ्या तरुण गोलंदाजाशी तोंडी ठरलेला करारही बारगळला. संघावर सडकून टीका झाली. मार्च २०१५ मध्ये एकनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. उलट करार न झाल्याची भरपाई म्हणून ह्यूस्टनला २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्या निवडीवर आला अ‍ॅलेक्स ब्रेगमन, पुढच्या दोन्ही विजेतेपदांचा आधारस्तंभ.

यातून मोजमापाचा एक धडा मिळतो. कोरेयाचा निर्णय विचारपूर्वक होता आणि फळलाही. अपेलची निवड त्या वेळी बऱ्याच जाणकारांना पटणारी होती, तरी फसली. एकनच्या प्रकरणात वैद्यकीय अंदाज बरोबर निघाला, पण दोन तरुणांशी झालेल्या वागणुकीने संघाची पत गेली. केवळ शेवटचा निकाल पाहिला तर या प्रकरणाला पैकीच्या पैकी गुण मिळतील. वाटेत काय झाले ते पाहिले तर मिळणार नाहीत.

हातून निसटलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

संघबांधणीत आणलेल्या खेळाडूंइतकेच महत्त्व सोडलेल्यांना असते. मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनने जे. डी. मार्टिनेझला करारमुक्त केले. त्याच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. बॅटचा स्विंग बदलून परतलेला हाच मार्टिनेझ २०१८ मध्ये बोस्टनकडून ४३ होमरन मारून गेला आणि त्या वर्षी बोस्टननेच ह्यूस्टनला अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत हरवले.

जुलै २०१५ मध्ये जॉश हेडरसह चार तरुण खेळाडू मिलवॉकीला देऊन लूनो यांनी कार्लोस गोमेझ आणि माइक फायर्स यांना आणले. गोमेझला वर्षभरातच सोडावे लागले. हेडर मात्र लीगमधल्या सर्वांत भेदक रिलीव्ह गोलंदाजांपैकी एक झाला.

दुसऱ्या पारड्यातही बरेच काही आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये जॉश फील्ड्स हा रिलीव्ह गोलंदाज डॉजर्सला देऊन त्यांनी योर्डान अल्वारेझला मिळवले. तेव्हा तो अमेरिकेत एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी जस्टिन व्हर्लँडर आणि जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल आला. २०१९ च्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात अमेरिकन लीगमध्ये व्हर्लँडर पहिला आणि कोल दुसरा होता. फ्रॅम्बर व्हाल्डेझ आणि क्रिस्टियन हाविएर हे गोलंदाज तर डॉमिनिकन प्रजासत्ताकातून प्रत्येकी १० हजार डॉलरवर आले.

विजेतेपदाचे श्रेय मग कोणाला?

बेसबॉलमध्ये खेळाडूचे योगदान ‘वॉर’ या आकड्याने मोजतात. सहज उपलब्ध होणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय दिले, हे तो सांगतो. खेळाडूंचा वॉर मोजता येतो, पण जनरल मॅनेजरचा वॉर काढताना कोणता खेळाडू कोणाच्या खात्यात टाकायचा, हा पेच पडतो.

२०१७ च्या विजेत्या संघात अल्टुवे, स्प्रिंगर आणि कायकल आधीच्यांचे. कोरेया, मॅकलर्स, ब्रेगमन आणि व्हर्लँडर लूनो यांचे. २०२२ मध्ये चित्र उलटले. तेव्हा जनरल मॅनेजर जेम्स क्लिक होते. पण जागतिक मालिकेचा मानकरी जेरेमी पेन्या ही लूनो यांच्या काळातली २०१८ ची तिसऱ्या फेरीतली निवड. निर्णायक सहाव्या सामन्यातला तीन धावांचा होमरन अल्वारेझचा. चौथ्या सामन्यात फिलाडेल्फियाला एकही हिट न देणाऱ्या चार गोलंदाजांतला पहिला हाविएर. ब्रेगमन, काइल टकर, व्हाल्डेझ आणि व्हर्लँडर हेही त्याच काळातले. क्लिक यांचे काम हा वारसा सांभाळण्याचे आणि कोरेया, स्प्रिंगर, कोल निघून गेल्यावरही संघ अव्वल ठेवण्याचे होते. विजेतेपदानंतर काही दिवसांतच तेही पदावरून गेले.

ह्यूस्टनपुरतीच ही गोष्ट नाही. २००४ मध्ये बोस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवण्याचे श्रेय थिओ एपस्टीन यांना मिळाले. पण पेड्रो मार्टिनेझ आणि मॅनी रमिरेझ आधीच्या जनरल मॅनेजरने आणले होते. साधारण नियम असा सांगता येईल : पहिल्या दोन-तीन वर्षांचा निकाल बराचसा आधीच्याचा असतो आणि पद सोडल्यानंतरच्या तीन-चार वर्षांचा निकाल बराचसा आपला.

मुद्दाम हरणे हे कौशल्य मानायचे का?

लूनो यांनी सुरुवातीला संघातले महागडे खेळाडू विकले. २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११ आणि २०१४ मध्ये ९२ पराभव झाले. २०१३ मध्ये संघाचा पगारखर्च लीगमध्ये सर्वांत कमी होता आणि हंगामाचे शेवटचे १५ सामने संघ सलग हरला. यावर आजही दोन मते आहेत.

समर्थकांच्या मते, ७० विजय मिळवून मधल्या जागी रेंगाळण्यापेक्षा काही वर्षे तोटा सोसून पाया घालणे शहाणपणाचे. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने जून २०१४ मध्येच मुखपृष्ठावर ह्यूस्टनला २०१७ चा विजेता घोषित केले होते. विरोधकांच्या मते, तिकीट काढून येणाऱ्याला जाणीवपूर्वक दुबळा संघ दाखवणे ही फसवणूकच. शिवाय सर्वांत तळाला राहिल्याचे बक्षीस मिळत असेल, तर तळाला जाण्याची शर्यत लागते. ह्यूस्टनमध्ये लूनो यांचे सहकारी असलेले माइक इलायस २०१८ मध्ये बाल्टिमोरला गेले आणि त्यांनीही बऱ्याच अंशी हीच वाट धरली. २०२३ मध्ये तो संघ १०१ सामने जिंकला, पण प्लेऑफमध्ये एकही सामना न जिंकता बाहेर पडला.

अखेर लीगनेच नियम बदलला. २०२२ च्या कामगार करारानंतर पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात. सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळेलच, याची हमी आता नाही.

घोटाळ्याचे किती गुण कापायचे?

नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या एका माजी गोलंदाजाने ‘द अ‍ॅथलेटिक’ला सांगितले, की २०१७ मध्ये संघ मैदानातल्या कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरत असे. डगआउटजवळच्या पडद्यावर खूण ओळखली जाई आणि कचऱ्याचा डबा वाजवून बॅटरला कोणता चेंडू येतोय ते कळवले जाई. हा गोलंदाज म्हणजे हेडरच्या व्यवहारात ह्यूस्टनला आलेला माइक फायर्स.

१३ जानेवारी २०२० रोजी लीगने लूनो आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांच्यावर वर्षाची बंदी घातली. संघाला ५० लाख डॉलर दंड झाला आणि २०२० व २०२१ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी काढून घेतल्या गेल्या. मालक जिम क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांना काढून टाकले. खेळाडूंपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही आणि विजेतेपदही कायम राहिले. आपल्याला या प्रकाराची माहिती नव्हती, अशी लूनो यांची भूमिका आहे. त्यांना काही प्रमाणात कल्पना होती असे दर्शवणारे पुरावे असल्याचे लीगच्या अहवालात म्हटले आहे.

अहवालाचा आणखी एक रोख बेसबॉल विभागातल्या एकूण कार्यसंस्कृतीवर होता. त्याची चिन्हे आधीही दिसली होती. २०१८ मध्ये घरगुती हिंसाचारविषयक धोरणाखाली ७५ सामन्यांची बंदी भोगत असलेल्या रॉबर्टो ओसुनाला ह्यूस्टनने विकत घेतले. २०१९ मध्ये त्याच विषयावरून महिला पत्रकारांसमोर आरडाओरडा केल्याबद्दल एका सहायक जनरल मॅनेजरला काढावे लागले. त्याआधी संघाने त्या प्रकाराची बातमीच खोटी ठरवण्याचा प्रयत्न केला होता.

ड्राफ्टच्या गणितातही या प्रकरणाची किंमत मोजावी लागली. गेलेल्या चार निवडींचा फटका लूनो यांना बसला नाही. तो त्यांच्यानंतर आलेल्यांना आणि चाहत्यांना बसला.

थोडक्यात, प्रगतिपुस्तक कसे वाचायचे?

• वारसा वजा करा. पद घेताना संघात कोण होते आणि ड्राफ्टमध्ये कितवा क्रमांक हाती आला, हे आधी पाहा. पहिल्या क्रमांकावर कोरेया घेणे आणि १३व्या फेरीत कारपेंटर शोधणे, यात दुसरे काम अवघड.

• एका नावावर जाऊ नका. एक ट्राउट नशिबाने मिळतो. सलग काही वर्षे खालच्या फेऱ्यांतून खेळाडू निघत असतील, तर ती यंत्रणेची ताकद असते.

• त्या दिवशी काय माहीत होते ते तपासा. अपेल फसला हे आज सांगणे सोपे आहे. ब्रायंटचे ३१ होमरन मात्र त्या दिवशीही दिसत होते.

• सोडलेले खेळाडू मोजा. मार्टिनेझ आणि हेडर हे अल्वारेझ आणि कोलइतकेच हिशेबात धरावे लागतात.

• पद सोडल्यानंतरची वर्षे पाहा. ह्यूस्टनने २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे अमेरिकन लीगची अंतिम फेरी गाठली. त्यातली चार वर्षे लूनो खुर्चीवर नव्हते, पण त्यांचे खेळाडू मैदानात होते.

• उधारी विसरू नका. हरलेल्या हंगामांची, गमावलेल्या निवडींची आणि गेलेल्या विश्वासाची किंमत कोणी मोजली, हेही कामगिरीतच येते.

या सहा ओळींवर लूनो यांचे मूल्यमापन केले, तर गुणवत्ता ओळखण्यात ते त्यांच्या पिढीतल्या सर्वोत्तमांमध्ये बसतात. संस्था चालवण्याच्या परीक्षेत मात्र ते नापास होतात. दोन्ही गुण एकत्र करून सरासरी काढण्याचा मोह टाळलेला बरा. बंदी संपल्यानंतर लूनो बेसबॉलकडे परतले नाहीत. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने स्पेनमधला लेगानेस हा फुटबॉल क्लब विकत घेतला. आज बेसबॉलच्या अनेक संघांच्या कार्यालयांत त्यांच्या काळात रुळलेल्या पद्धती वापरल्या जातात, पण ते स्वतः त्यांपैकी एकाही कार्यालयात नाहीत.